एकटं जाण्याची समिती

बोडिलने कपडे धुण्याच्या सामायिक खोलीतल्या फळ्यावर चिठ्ठी लावली ती निव्वळ शेजारधर्म म्हणून. "वीस जूनपासून पाच आठवडे कुंग्सलेडनच्या डोंगरवाटेवर चालायला जातेय. एकटी. माझी गुरुवारची मशीनची पाळी कोणीही घ्यावी." पण स्वीडनमधल्या ओस्टरसुंडच्या त्या सोसायटीत फळ्यावर लागलेला प्रत्येक कागद आपसूक सभेपुढे जातो, हे एकोणीस वर्षं तिथे राहून ती विसरली, म्हणजे कमालच झाली.

सभा तळघरात भरली. कॉफी होती, दालचिनीचे बन होते. अध्यक्ष बिर्गरने ओल्या कचऱ्याच्या वासाचा प्रश्न चाळीस मिनिटांत निकालात काढला आणि चष्मा पुसला.

"विषय पाचवा. बोडिलचं एकटीनं जाणं."

"तो विषय नाहीये. मी नुसतं कळवलं."

"कळवलंस म्हणूनच विषय झाला ना."

"अस्वलांचं काय?" तिसऱ्या मजल्यावरच्या उल्लाने विचारलं. ती निवृत्त नर्स, तिला सगळीकडे अपघात दिसतात. "पाय मुरगळला तर?"

"तर बसेन."

"एकटी?"

"उल्ला, चिठ्ठीत तोच शब्द आहे बघ."

बोडिलने नवऱ्याकडे पाहिलं. स्तुरे सोसायटीचा सचिव. तो मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होता. एकतीस वर्षं दोघं डोंगरात जात आली होती. कुठे थांबायचं, कुठलं पाणी प्यायचं, कुठला ढग वाईट, सगळं तोच ठरवायचा, तेही प्रेमानं. अठ्ठावन्नाव्या वर्षी बोडिलच्या लक्षात आलं की आपल्याला साधा ढगसुद्धा ओळखता येत नाही. आधी तिला लाज वाटली, मग राग आला. जायचं होतं ते त्यासाठी.

तिसऱ्यांदा कॉफी झाली तेव्हा समिती नेमून झाली होती. एकटं जाण्याची समिती, सदस्य अकरा. सगळ्यांनी बोडिलच्या मागून चालायचं, एकमेकांत शंभर मीटर अंतर ठेवायचं, बोलायचं नाही, आणि दर तासाला शिट्टी मारायची.

"मग मी एकटी कशी?" बोडिलने विचारलं.

बिर्गरने मनापासून विचार केला. "दीडशे मीटर करू."

"तुम्हाला एवढी हौस आहे, तर एकेकटे का नाही जात?"

कोणीतरी बनचा कागद चुरगाळला.

"मला चौदा वर्षांपासून जायचंय," उल्ला हळूच म्हणाली.

"मलाही," बिर्गर म्हणाला. "पण पुढे कोणी दिसलं नाही, की पाय उचलत नाही गं."

बोडिलचा राग कुठल्या कुठे गेला. ही माणसं तिला सांभाळायला निघालीच नव्हती. तिला त्यांची इतकी दया आली, की 'बरं, चला' हे शब्द अगदी ओठांवर आले. याच शब्दांवर तिचं अर्धं आयुष्य निघून गेलं होतं.

"ठराव सभेला मान्य?" बिर्गरने विचारलं.

"मान्य," सगळे म्हणाले. तिथे सगळे नेहमी तेच म्हणतात.

"नाही," बोडिल म्हणाली.

स्तुरेचं पेन थांबलं. सोसायटी झाल्यापासून हा शब्द इतिवृत्तात आला नव्हता. "काय लिहू?"

"नाही, असं लिही."

त्याने लिहिलं. मग मान वर न करता म्हणाला, "अकरावं नाव माझं आहे."

"पाहिलं मी."

"पाच आठवडे एकट्यानं घरात राहायचं म्हणजे मला भीती वाटते, बोडिल."

सगळे आपापल्या कपांत बघू लागले. बोडिलने खुर्ची मागे सारली. ती उभी राहिली.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "तरी जातेय."

स्तुरेने तेही लिहून घेतलं. सभेला मान्य आहे का, हे या वेळी कोणी विचारलं नाही.