साइवला बाहेर नेलं तेव्हा

हॉकीच्या वर्ल्ड कपला पात्र ठरण्याचा शेवटचा सामना होता, डब्लिनमध्ये. बरोबरी, चार मिनिटं बाकी. मी आयर्लंडची गोलकीपर. आमच्या गोलपाशी उभी राहून मी सगळं पाहिलं. समोरच्या संघातल्या मुलीच्या पायाला लागून उडालेला चेंडू साइवच्या कानशिलावर बसला. एकोणीस वर्षांची पोर, पण तिच्याइतका जोरकस फटका आमच्यात कुणाचाच नव्हता. ती पडली, उठली आणि भलत्याच दिशेला चालायला लागली.

चेंडू पायाला लागला म्हणून अंपायरने आम्हाला पेनल्टी कॉर्नर दिला, म्हणजे गोलवर फटका मारायची मोठी संधी. डॉक्टर आत यायला निघाले, तर आमच्या कोचने, फर्गलने, त्यांचा हात धरला. "ठीक आहे ती! कॉर्नर मारू दे आधी!"

कॅप्टन ब्रोना साइवजवळ गेली. "आज कुणाशी खेळतोय गं आपण?"

"शाळेची मॅच ना?" साइव म्हणाली.

ब्रोनाने तिच्या काखेत हात घालून तिला सरळ बाहेर नेलं. फर्गल आडवा आला.

"बाजूला हो, नाहीतर तुला तुडवून जाईन," ब्रोना म्हणाली.

कॉर्नर मग ब्रोनानेच मारला. वाया गेला. शूटआउटमध्ये आम्ही हरलो.

"एका टेंगळापायी वर्ल्ड कप घालवलास," ड्रेसिंग रूममध्ये फर्गल ब्रोनाला म्हणाला.

"टेंगूळ? तिला स्वतःचं गाव आठवत नाहीये! तुझी मुलगी असती तर?"

"माझी मुलगी असती तर खेळली असती."

ब्रोनाने माझं हेल्मेट उचलून भिंतीवर आपटलं. मी गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या संघात ब्रोनाचं नाव नव्हतं. म्हणे, खेळ घसरलाय! नव्व्याण्णव सामने खेळलेली बाई. तिने तक्रार केली; हॉकी संघटनेकडून तीन ओळींचं उत्तर आलं, विषय बंद. तिच्या आईने फोनवर विनवलं, "माफी माग गं, शंभराला एकाच सामन्याचा तर प्रश्न आहे."

"माफी त्याने मागायची, आई." फोन कट.

डोक्याच्या मारामुळे उजेड सोसत नव्हता, म्हणून साइव सहा आठवडे पडदे ओढून पडून होती. बरी झाल्यावर कॉर्कला ब्रोनाच्या क्लबात आली. मीही तिथे होते.

"माझ्यामुळे तुझी जागा..." ती ब्रोनाला म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही, त्याच्यामुळे. परत असं बोललीस तर स्टिकने झोडपीन!"

साइव हसली. ब्रोना हसली नाही.

फर्गल आणखी दोन वर्षं कोच राहिला आणि मी त्याच्या हाताखाली खेळत राहिले. ब्रोना माझ्याशी बोलते. फर्गलचं नाव निघालं की मात्र उठून जाते.