रोल संपेपर्यंत

मी कॅमेऱ्याचा डोळा बोलतोय. लोक लेन्स म्हणतात, म्हणू देत. फक्त मला बघून 'अरे वा, किती जुनी!' असं म्हणू नका. मला तीन वर्षंसुद्धा झाली नाहीत. कारखान्यातच म्हातारा करून पाठवलं मला. अंग पितळेचं, वर काळा रंग मुद्दाम पातळ, म्हणजे चार दिवसांत झिजून पितळ दिसावं. लोकांना असली सोंगं आवडतात.

पण सोंगाखाली धमक होती. काच मोठी, त्यामुळे अंधाऱ्या खोलीतही माणूस टिपायचो. म्हणून तर औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एकाने मला घेतलं. त्याचे वडील, अण्णा, शिंपी. हृदय थकलेलं, तरी खिडकीशी बसून बटणं लावत राहायचे. फ्लॅश चमकला की डोळे गच्च मिटायचे. घरात त्यांचा एक धड फोटो नव्हता.

मला विकणाऱ्या दुकानदाराने त्याला बजावलं होतं, "आधी भिंतीवर मोजपट्टी लावून एक रोल काढा. धुवून बघा. लेन्स-कॅमेऱ्याची जुळणी तपासल्याशिवाय माणसं काढू नका."

"हो हो," हा म्हणाला. कसलं हो हो! घरी येऊन तासाभरात मला वडिलांसमोर धरलं.

"मेल्यावर भिंतीला लावायला हवाय ना तुला?" अण्णा म्हणाले.

"काहीतरीच काय बोलता! इकडे बघा जरा."

"सुईत दोरा ओवतोय मी. तुला काय काढायचं ते काढ."

आमच्या तऱ्हेच्या कॅमेऱ्यात माणूस माझ्यातून बघत नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो. तिथे समोरच्याच्या दोन प्रतिमा दिसतात. माझं कडं फिरवून त्या एकावर एक बसवायच्या, की नेम लागला. त्याने अण्णांच्या डोळ्यांवर नेम लावला, चोख लावला. पण माझी बैठक केसभर चुकलेली होती. मी पूर्ण उघडलो की दोन बोटांएवढाच पट्टा स्वच्छ उतरतो, आणि तो पट्टा पडला डोळ्यांच्या वीतभर पुढे. मला कळत होतं. बोलता येत असतं तर शिवी हासडली असती.

तरी वेळ गेली नव्हती. तीन फोटो झाले होते. त्याच दिवशी धुतले असते, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता आले असते. पण रोल छत्तीसचा! अर्धवट रोल कोण धुवायला टाकतो? मग हा गडी मांजरं काढत बसला, जिने काढत बसला, रस्त्यावरच्या सायकली काढत बसला. अठ्ठावीस झाले, एकोणतीस झाले, आणि अण्णा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

उरलेले सात त्याने काढलेच नाहीत. रोल धुऊन आला तेव्हा त्याची थोरली बहीण शेजारी होती.

सुईचं नेढं लख्ख दिसत होतं. दोऱ्याचा पीळसुद्धा. मागे चेहऱ्याच्या जागी धुकं.

"हे काय रे," ताई म्हणाली, "अण्णा कुठायत?"



शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. त्यात अण्णा पोलीस धरायला आल्यासारखे बघतात.

पुढे एका कारागिराने मला उघडून जागेवर बसवलं. दहा मिनिटांचं काम. आता माझ्यात खोट नाही, पण हा माणसांवर मला रोखतच नाही. भिंती काढतो, दारं काढतो.

आज ताई आली. खिडकीशी खुर्ची ओढून बसली. "माझा काढ."

त्याने मला उचललं. कडं फिरवलं. दोन ताया एक झाल्या. डोळ्यांखालची बारीक सुरकुतीसुद्धा मला दिसतेय. आणि याचं बोट तसंच थांबलंय.

"अरे, मी अजून समोर आहे ना," ती म्हणाली.

दाब, लेका. चुकलं तर चुकलं, संध्याकाळी धुऊन आण. दाब एकदाचं.