झुडपांपलीकडे बसलेले बाबा

छत्तीस वर्षं बाबांनी बंदर अब्बास ते आमचं हमदान असा ट्रक चालवला. मग कंबरेने दगा दिला, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि बाबांनी ट्रक विकला. त्या दिवशी घरी येऊन ते खिडकीजवळच्या गादीवर बसले, ते जवळजवळ वर्षभर तिथेच बसून होते.

मी माहरुख, त्यांची एकुलती एक मुलगी. सासर दोन गल्ल्या सोडून आहे, मुलींच्या शाळेत शिकवते. रोज शाळा सुटली की माहेरी डोकावायचे. बाबा खिडकीतून रस्त्याकडे बघत असायचे. "सलाम बाबा" म्हटलं की मान हलवायचे. चहा गार झाला म्हणून चिडायचे आणि गरम आणला की पुन्हा गार करायचे. ज्या माणसाच्या हसण्याने आमच्या अंगणातली कबुतरं उडायची, त्याच्या तोंडून दिवसाला वीस शब्द निघेनात.

मामान, म्हणजे माझी आई, सगळं सोसत होती. तीही हळूहळू मिटत चालली होती. शेवटी शेजारच्या अफसर खानमला राहवलं नाही. अफसर खानम म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या बेकरीवाल्याची बायको. अंगाने भरलेली आणि तोंडाने मोकळी.

"दिवसभर त्याचं तोंड बघून तुझंही तोंड तसंच व्हायला लागलंय, मनीजे," ती म्हणाली. "उद्या सहाला तयार राहा. बागेत यायचं."

बागेत रोज सकाळी बायकांचा व्यायाम चालतो. तो घेतात तूबा खानम. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच उंच. जन्मभर सुईणीचं काम केलं. अर्धा मोहल्ला त्यांच्या हातांवर जन्मला, मीसुद्धा. त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

पहिल्या आठवड्यात मामानच्या पोटऱ्या धरल्या, जिना उतरताना ती "या अली, या अली" करायची. महिन्याभराने मी एका दुपारी गेले तर ती अंगणात दोरीवर गालिचा टाकून काठीने बडवत होती आणि गुणगुणत होती. मी दारातच थांबले.

"काय गं, काही आनंदाची बातमी?"

"बातमी कसली! घाम येतो, माहरुख. सकाळी एकदा सपाटून घाम आला ना, की दिवसभर कुणाचा राग येत नाही. तुझ्या बापाचासुद्धा."

बाबांनी आतून ऐकलं. "म्हाताऱ्या बायका बागेत माकडांसारख्या उड्या मारतात," ते खिडकीतून ओरडले, "आणि म्हणे व्यायाम!"

"तुम्ही निदान माकडासारखं हला तरी, इज्जत आगा," मामान म्हणाली आणि पुन्हा गालिचा बडवायला लागली.

पण बाबांच्या मनात ते खुपत असावं. रोज सकाळी बायको तोंड पाडून जाते आणि हसत परत येते, हे आहे तरी काय? एका शुक्रवारी शाळेला सुट्टी म्हणून मीही मामानबरोबर निघाले, तेव्हा बाबा पायात चपला अडकवत होते.

"कुठे?" मामानने विचारलं.

"रोटी आणायला."

वाटेत मामानने अफसर खानमला ही रोटीची गंमत सांगितली. बागेत त्या दिवशी गोंधळ होता. तूबा खानमचा घसा आठवडाभर बसला होता आणि डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी घातली होती. त्या पुढे उभ्या राहून हात वर-खाली करून दाखवत होत्या, पण आकडे मोजायला कुणी नव्हतं. अठ्ठावीस बायका अठ्ठावीस प्रकारे मोजत होत्या. कुणाचे हात वर, कुणाचे खाली, अफसर खानम भलत्याच दिशेला तोंड करून.

तेवढ्यात झुडपांच्या कुंपणामागून एक दणदणीत आवाज आला, "अरे, सातनंतर पुन्हा पाच कसे आले?"

सगळ्या थबकल्या. मामानने डोळे मिटून घेतले.

"मनीजे," अफसर खानम म्हणाली, "तुझी रोटी झुडपातून बोलतेय."

इतकं हसू फुटलं की दोघीजणी जमिनीवर बसल्या. झुडपामागे काही हललं. बाबा सटकायच्या बेतात होते, पण तूबा खानमने चुटकी वाजवली आणि डॉक्टरांची बंदी मोडून त्या मामानच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. मामान मोठ्याने म्हणाली, "इज्जत आगा, तूबा खानम म्हणतात, एवढा मोठा आवाज अल्लाने झुडपात लपायला दिलेला नाही. पलीकडच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसा आणि मोजा!"

ट्रक ड्रायव्हर असला तरी सुईणीपुढे काय करणार? बाबा मुकाट्याने बाकावर बसले. तोंड अल्वंद डोंगराकडे, पाठ आमच्याकडे. मग त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि पानांवरचं दव पडेल असा तो आवाज सगळ्या बागेत घुमला. किती महिन्यांनी मी तो ऐकत होते! मला हात वर करायचं भान राहिलं नाही.

पण ते मोजत होते भराभर. एक दोन तीन चार, श्वास घ्यायला फुरसत नाही.

"इज्जत आगा!" अफसर खानम धापा टाकत ओरडली. "बंदरावर माल उतरवायचाय का? सावकाश!"

तूबा खानम झुडपाला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मोठ्याने बोलता येत नव्हतं, म्हणून बोट दाखवलं. उठा. मग स्वतःचे दोन्ही हात वर नेले. करा. जो मोजेल त्याने स्वतः करायचं, म्हणजे दम कुठे लागतो ते त्याला कळेल. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. सुटकेला जागा नव्हती. त्यांनी हात वर केले. दहापर्यंत आले तेव्हा त्यांच्या "दहा"मधला अर्धा भाग छातीतच राहिला होता.

"आता कसं माणसासारखं मोजताहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

त्या दिवशी घरी रोटी आली नाही. बाबा बेकरीत जायचं विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच मिनिटं कमी असताना ते दाराशी उभे होते. "तूबा खानमचा घसा बरा होईपर्यंतच," ते स्वतःहून म्हणाले.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. त्यांचे खांदे आखडले, कंबर ओरडली. एकदा तर बागेच्या दारातून परत फिरत होते, पण बागेतून "इज्जत आगा आले नाहीत का अजून?" अशी हाक ऐकू आली म्हणून पुन्हा वळले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वाकू नका, उचलू नका, बाकी चालेल. तूबा खानमने त्यांच्यासाठी वाकायचे प्रकार वगळले.

साधारण महिन्याने मी दुपारी गेले तर खिडकीजवळची गादी रिकामी. आत पाहिलं तर बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून नळ खोलून दुरुस्त करत होते. तो नळ दोन वर्षं ठिबकत होता.

"या घरात पाणी गळत असताना तुम्हाला झोप कशी लागायची?" मलाच दटावलं त्यांनी.

त्यांनाही आता झोप लागायला लागली होती. जेवण अंगी लागत होतं. मामान सांगायची, सकाळी परत येताना ते वाटेत प्रत्येकाशी दोन शब्द बोलतात, त्यामुळे दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागतो. तिचा सूर तक्रारीचा असायचा, चेहरा नसायचा.

उन्हाळ्यात एकदा आम्ही दोघं अंगणात काकड्या सोलत बसलो होतो. बाबा एकदम म्हणाले, "माहरुख जान, गेल्या वर्षी मला वाटायचं, मी ट्रकबरोबरच विकला गेलो. सकाळी डोळे उघडायचे आणि वाटायचं, कशाला उघडले?"

मी हातातली काकडी खाली ठेवली. असं ते कधी बोलत नसत.

"बोलला का नाहीत, बाबा?"

"काय बोलणार? कंबर सोडली तर काही दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बोललो असतो." मग पुढे म्हणाले, "आता सकाळी उठतो तेव्हाही पहिली पाच मिनिटं तसंच वाटतं, बरं का. सगळं जड. पण मी जातो. पंधरा-सोळाच्या आकड्यापर्यंत आलो की इथे," त्यांनी छातीवर हात ठेवला, "इथे काहीतरी सुटतं. हिवाळ्यात घाटात इंजिन सुरू होताना कसं कुरकुरतं आणि गरम झालं की आवाज बदलतो, तसं. मग दिवस पार पडतो. पण रोज करावं लागतं. कालचं आज चालत नाही."

तूबा खानमचा आवाज कधीच परत आला होता. पण त्यांनी बाबांना सोडलं नाही. "माझ्या आवाजाने बायका हलतात," त्या म्हणायच्या, "याच्या आवाजाने झाडं हलतात." शरद ऋतूत झुडपांच्या त्या बाजूला बाबांच्या शेजारी आणखी पाच म्हातारे उभे राहायला लागले.

मग हिवाळा आला आणि माहेरच्या घराच्याच पायरीवर बर्फावरून मामानचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

पहिला आठवडा बायकांच्या येण्याजाण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात मामान गप्प झाली. तिसऱ्या आठवड्यात चहाचा रंग फिका म्हणून ती माझ्यावर ओरडली. जन्मात कधी ओरडली नव्हती. संध्याकाळी डाव्या हाताने डाळिंब सोलता येईना म्हणून रडली. मी घाबरले.

"हाताच्या दुखण्यानं असेल," मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं.

"हाताचं नाही," बाबा म्हणाले. "ती कुठे जाऊन बसलीय ते मला ठाऊक आहे. मी तिथे वर्षभर बसलो होतो."

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे जाऊन आले. त्याच्या पुढच्या सकाळी मी शाळेत जाण्याआधी डबा द्यायला गेले, तर बैठकीतला गालिचा गुंडाळून भिंतीला लावला होता आणि मामान पांघरुणात तोंड खुपसून पडली होती.

"ऊठ, मनीजे."

"माझा हात मोडलाय."

"मोडलाय. पाय दोन्ही शाबूत आहेत. डॉक्टरांना विचारून आलोय."

"मला नाही करायचं. तुम्ही जा बागेत."

बाबा खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि हळू आवाजात मोजत जागच्या जागी चालायला लागले. एक, दोन, तीन. पाय मात्र जमिनीवरून जेमतेम उचलत होते. थोडा वेळ काही झालं नाही. मग पांघरुणातून आवाज आला, "गुडघा वर घ्या."

"घेतोय की."

"कुठे घेताय? फरशी पुसताय तुम्ही."

"मग कसा घेतात?"

"इतके महिने मोजताय आणि गुडघा कसा घेतात विचारता!" मामान उठून बसली. मग उभी राहिली. प्लास्टरचा हात छातीशी धरून तिने गुडघा वर उचलला. "असा."

"असा?"

"अजून वर."

मी डबा दाराशीच ठेवला आणि आवाज न करता निघाले.

त्यानंतर रोज बाबा आधी घरात तिच्याबरोबर दहा मिनिटं करायचे, मग बागेत जायचे. एका आठवड्यात इतका बर्फ पडला की बागेची वाटच बंद झाली. मी नेमकी माहेरी होते, तेव्हा सकाळी दारावर थापा पडल्या. अफसर खानम, तूबा खानम आणि आणखी नऊजणी खांद्यावर फावडी टाकून उभ्या होत्या.

"आजचा व्यायाम तुझ्या अंगणात," तूबा खानम म्हणाल्या. "बर्फ उपसायचा. इज्जत आगा, तुम्ही फावड्याला हात लावायचा नाही, झाडू घ्या. मनीजे, तू मोज."

"मी?" मामान म्हणाली. "माझा आवाज कुठे..."

"मोज."

मामान पायरीवर उभी राहिली. गळ्यात हात अडकवलेला, डोक्यावर बाबांची लोकरी टोपी. पहिले चार आकडे कुणाला ऐकूच आले नाहीत. पाचवा जरा आला. विसापर्यंत ती ओरडत होती, मध्येच अफसर खानमला टोमणे मारत होती, "अफसर, तू बर्फ काढतेस का गोंजारतेस?" तासाभरात अंगणाची फरशी दिसायला लागली. मग सगळ्या आत आल्या, रोटी, पनीर आणि अक्रोड खाल्ले, चहाचा समोवार दोनदा भरला. थंडीने आणि घामाने सगळ्यांचे गाल लाल झाले होते. मामानचेही. बाबा तिच्या ताटात अक्रोड फोडून टाकत होते आणि ती न बघता खात होती.

नौरोजच्या, आमच्या नववर्षाच्या, आधी प्लास्टर निघालं. मनगट अजून थोडं आखडलेलं आहे, पण मामान डाळिंबं सोलते.

गेल्या शुक्रवारी आम्ही तिघं अल्वंदवर निघालो, वरच्या चहाच्या टपरीपर्यंत. तिथे मसुराची गरम आमटी फार छान मिळते. मी चाळिशीलाही पोहोचलेली नाही, तरी अर्ध्या वाटेत एका दगडाला टेकले. ती दोघं पुढे, वेग कुणाचा जास्त यावर भांडत चाललेली.

"माहरुख जान!" बाबांचा आवाज दरीभर घुमला. "तिथेच बस! उतरताना तुला घेऊन जाऊ!"

"बसू नकोस गं," मामान ओरडली. "थंडी भरेल अंगात. सावकाश ये. आम्ही मसूर सांगून ठेवतो."

मी थोडा श्वास घेतला आणि त्यांच्या मागे निघाले.