इंग्रजीत धप्प नसतं

मित्रांनो, मी एक जुनी पावाची भट्टी आहे. माझा जन्म कसा झाला ते सांगेनच, पण आधी तक्रार. आमच्या घरच्या चिरंजीवांना आल्यागेल्यासमोर एकच वाक्य म्हणायची खोड लागली आहे. "काकूनं तेलाची तोटी उघडी ठेवली, म्हणून भट्टी उडाली." असं म्हणतात आणि निवांत चहा पितात. काकू पलीकडच्या खोलीत हाताला पट्टी बांधून बसलेली असते. मधली भिंत एका विटेची. तिला सगळं ऐकू जातं. मलाही जातं.

मला बांधलं ते दोन भावांसाठी. भाजलेली वीट, तळाला वाळू आणि फुटक्या काचांचा थर, वर घुमट. भाऊ लवकर गेले आणि त्यांच्या बायकांनी मला चालवलं. मोठ्याची बायको ती थोरली. तिला सही येते, बाकी अक्षरांशी तिचं वैर. पण जिभेला धार अशी, की गिऱ्हाईक पाव परत करायला यायचं आणि आणखी दोन घेऊन जायचं. धाकट्याची बायको ती धाकटी, म्हणजे चिरंजीवांची काकू. ती बोलायची कमी, ऐकायची जास्त, आणि तिचा कान सदा माझ्याकडे.

लाकडावर होते तोवर धाकटी माझ्या पोटात हात धरून मनात आकडे मोजायची. दहापर्यंत हात टिकला तर पाव लावायचे, विसापर्यंत टिकला तर बिस्किटं. गल्लीत म्हणायचे, या भट्टीचा पाव कडेला करपत नाही. मी फुगून जायचे, खोटं कशाला बोलू?

मग थोरलीचे हे चिरंजीव शिकून आले आणि त्यांनी मला तेलावरचा बर्नर लावला. धूर गेला, बायकांचे डोळे वाचले, ते श्रेय त्यांचंच. धाकटीनं माझे नवे आवाज आठवड्याभरात पाठ केले. पंखा फिरू लागला की घूं. ज्योत धरली की घों, आणि ते चालूच राहायचं. ते माझ्या धडधाकट तब्येतीचं लक्षण. ज्योत हलली की खालून गुरगुर, कानांआधी तळपायांना कळणारी. या वर्षी मात्र एक चौथाच आवाज आला. पेटताना, एकदाच. धप्प. सुरुवातीला उशी पडल्यासारखा, पुढे दार हलवणारा.

धाकटीनं थोरलीच्या कानावर घातलं, थोरलीनं चिरंजीवांना हाक मारली. बर्नरच्या कंपनीचा तक्रारीचा कागद होता, सगळा इंग्रजी. आवाज कसा येतो, या प्रश्नापुढे चार शब्द आणि चार चौकोन. एकावर खूण करायची.

"लिही, पेटताना धप्प करते," थोरली म्हणाली.

"इंग्रजीत धप्प नसतं, आई."

"का? त्यांच्याकडे कुणी पडत नाही का कधी?"

"आवाज तो आवाज. मोठा आहे ना? मग झालं."

धाकटी पीठ मळता मळता म्हणाली, "मोठा नाही रे बाळा. मोठा तर रोजचाच आहे. हा एकदाच होतो. आत काहीतरी कोंडून बसल्यासारखा. तेवढं विचार ना कुणाला तरी."

"काकू, तू पीठ बघ."

चिरंजीवांनी 'रोअर'वर खूण केली. चारातला तेवढाच त्यांच्या ओळखीचा, शाळेच्या पुस्तकात सिंहाच्या चित्राखाली पाहिलेला. "शोभतो भट्टीला," असं म्हणून कागद पाठवून दिला. निरोप आला की बर्नर रोअर करतोच, ते ठणठणीत असल्याचं लक्षण, काळजी नसावी. तो वाचून दाखवताना काय तो तोरा. धाकटीनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून मला पेटवण्याआधी दार उघडून पुठ्ठ्यानं वारा घालू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. तिला आपलं वाटलं.

एका दुपारी दुसरा घाणा लावायचा होता. ट्रे खोळंबले होते, चिरंजीव घड्याळ दाखवत होते. "काकू, तो पुठ्ठ्याचा खेळ पुरे." तिनं पुठ्ठा खाली ठेवला आणि ठिणगीची कळ दाबली; तोटी उघडायची ती त्यानंतर.

मित्रांनो, मी तिला भाजलं. माझं दार बिजागरीसकट सुटलं आणि जाळ बाहेर आला. जो हात इतकी वर्षं माझ्या पोटात विश्वासानं आकडे मोजत होता, तोच मी कोपरापर्यंत जाळला. मला तोंड आहे, पण त्या दिवशी त्यातून आगीशिवाय काही निघालं नाही.

तोटीची गोष्ट चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी सुरू केली. थोरलीनं जावेला एकदाच विचारलं, "बंद केली होतीस ना?" ती म्हणाली, "केली होती." थोरली काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणंच धाकटीला जास्त लागलं. त्या दिवसापासून तिनं माझा उंबरा ओलांडलेला नाही. शेजारणी भेटायला येतात, हळहळतात आणि बाहेर पडल्यावर म्हणतात, वय झालं बिचारीचं, विसरली असेल.

काल कंपनीचा मिस्त्री आला. माझ्यापुढे गुडघे टेकून त्यानं सगळं उकललं. तोटीला त्या दिवसापासून कुणी हात लावला नव्हता, ती घट्ट बंद होती. तोटीपुढच्या नळीत उरलेलं तेल मात्र बर्नरच्या तोंडातून ठिबकत होतं, बर्नर बंद असतानाही, थेंब थेंब. साठलेलं तेल एका क्षणात पेटलं होतं. त्यानं खिशातून तो जुना कागद काढला.

"मावशी, तुम्ही रोअर कळवलंत, म्हणून कुणी आलं नाही. रोअर म्हणजे धबधब्याजवळ उभं राहिल्यासारखा, चालूच राहणारा. रंबल म्हणजे लांबच्या ढगासारखा, जमिनीतून येणारा. हम तर पंख्याचा."

"आणि धप्प?" थोरलीनं विचारलं.

"हा काय, चौथा चौकोन. बूम. कोंडलेलं सुटतं तेव्हाचा. यावर खूण असती तर आम्ही त्याच दिवशी भट्टी बंद करायला लावली असती."

माझ्या घुमटाला चीर गेली आहे. मला उतरवावं लागेल, असंही तो म्हणाला. माझं मला फारसं वाटलं नाही. मित्रांनो, एवढंच मागते. घरातलं कुणी म्हणालं की आवाज वेगळा येतोय, तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि कसा येतो ते विचारा. सांगणारा शिकलेला आहे की नाही, ते नंतर बघा.

मिस्त्री गेला. चिरंजीव कागदाची घडी घालत होते, बारीक, आणखी बारीक. थोरली माझ्या फुटक्या दारापाशी उभी होती. पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"तुला एक शब्द आला नाही, त्याचं मला काही नाही. मला तर चारही येत नाहीत. पण जिला कळत होतं तिला तू पीठ बघ म्हणालास, आणि ती भाजली तेव्हा खापरही तिच्यावरच फोडलंस. मीही गप्प बसले. माझी माफी मी आत जाऊन मागते, ती माझी मी बघेन. तू उद्या सकाळी, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना, तिला खुर्ची देऊन सगळ्यांदेखत सांगायचंस की तोटी बंद होती. ते होईपर्यंत या घरात मला आई म्हणायचं नाही."