पऱ्हाटीतून वाट

चाक वरून आणि खालून धरून हलवलं की टक् असा आवाज यायचा. डावी-उजवीकडून धरलं की काहीच नाही. बेअरिंग गेलं असतं तर चाक दोन्हीकडून हललं असतं. म्हणजे दोष चाकाला गाडीशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटचाच होता.

“काय समजलं, डॉक्टरीणबाई?” शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसलेल्या बाबांनी विचारलं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यापासून बाबा मला डॉक्टरीण म्हणतात. त्यात कौतुक नसतं.

“समोरचे चारही जॉइंट गेले. नागपूरवरून नवे आलेत पार्सलनं. बसवून राह्यली.”

“नेरच्या मिस्त्र्यानं काय सांगतलं? भंगारात टाका. तो येडा हाय का?”

“त्याले ट्रॅक्टर समजते. या गाडीचे जॉइंट त्यानं कधी खोललेच नाही.”

गाडी म्हणजे एटीव्ही, जाड टायरांची चारचाकी बाइक. चिखलदऱ्याच्या रस्त्यावरचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथून मी ती आणली होती. तिच्या मागे मी औषधाची टाकी बसवली आणि दोन्ही बाजूंना फवाऱ्याच्या नळ्या काढल्या. चालवणारा पुढे असतो आणि फवारा मागे पडतो, एवढाच तिचा गुण. पाठीवर पंप घेतलेला माणूस स्वतःच उडवलेल्या धुक्यात चालतो. २०१७ च्या त्या सप्टेंबरात तर कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या छातीच्या वर गेली होती, म्हणजे ते धुकं थेट नाकातोंडाच्या उंचीवर. बोंडअळीच्या धास्तीनं लोक एका औषधात दुसरं मिसळत होते.

आमच्याकडे फवारणी करणारे नेमसिंगकाका औषधाची विषबाधा होऊन यवतमाळच्या दवाखान्यात होते, ते नुकतेच घरी आले होते. उजेडाकडे बघताना अजून त्यांचे डोळे बारीक व्हायचे. तरीही, संध्याकाळपर्यंत गाडी चालली नाही तर पंप मीच घेतो, असं त्यांनी बाबांना कबूल केलं होतं. मला ते त्यांच्या बायकोकडून, हंसाबाईंकडून कळलं. त्या सकाळीच लुगड्याचा काष्टा घट्ट करून वावरात हजर झाल्या होत्या.

“सांग पोरी, काय धरू?”

गाडी जॅकवर होती. मी चाक काढलं, नटातली पिन उपसली, नट अर्धा ढिला केला. जॉइंटचा निमुळता दांडा चाकामागच्या लोखंडी भागात घट्ट रुतलेला असतो. हातोडा दांड्यावर मारायचा नाही, त्याचे आटे चेपतात. तो ज्या भोकात रुतलाय त्या भोकाच्या कडेवर मारायचा. धक्क्यानं भोक क्षणभर फाकतं आणि दांडा सुटतो.

“मी दाबून धरते, काकू. तुम्ही इथं मारा. जोरात.”

“कोनाचं नाव घेऊन मारू?”

“ज्याचं घ्या वाटते त्याचं.”

त्यांनी एकदा धुऱ्याकडे पाहिलं आणि असा घाव घातला की जॉइंट पहिल्याच फटक्यात सुटला. बाबांनी मान दुसरीकडे वळवली.

पुढचं काम सावकाशीचं होतं. अडकवणारी कडी काढली, खाली पाइपाचा तुकडा ठेवला आणि शिकंजा आवळत जुना जॉइंट त्याच्या घरातून बाहेर ढकलला. नवा बसवताना मात्र जोर फक्त बाहेरच्या कडेवर द्यायचा. मधोमध दिला तर नवा जॉइंट बसायच्या आधीच खराब.

चौथा जॉइंट निघाला तेव्हा मी चारही जुने टाकीच्या झाकणावर ओळीनं मांडले. चारही जॉइंटांचं रबर फाटलं होतं आणि आत माती गेली होती. पण सारखा वापर झाला असता तर ते गोल झिजले असते. हे सगळे एकाच बाजूनं घासले होते. ती चकचकीत कोर चारही जॉइंटांवर सारख्या जागी होती.

मी गाडीखाली वाकून पाहिलं. समोरच्या दोन्ही स्प्रिंगांवर लोखंडी गुटके होते.

जुलैत पऱ्हाटी गुडघ्याएवढी होती तेव्हा चाकं दोन ओळींच्या फटीत चालायची आणि मधली ओळ गाडीच्या पोटाखालून सहज जायची. ऑगस्टात झाडं वाढली, पोटाला फांद्या लागून मोडायला लागल्या. बाबांना ते बघवेना. त्यांनी मिस्त्र्याकडून गुटके टाकून गाडी वीतभर उचलून घेतली. फुलावर आलेलं झाड वाचवायला आमच्याकडे कोणीही तेच केलं असतं. पण गाडी उचलली तसे जॉइंटचे दांडे कायमचे तिरके झाले. प्रत्येक खड्ड्याला ते आपल्या शेवटच्या कोनापर्यंत जाऊन आपटत होते.

“बाबा, गुटके काढा लागतात. नाहीतर नवे जॉइंटही असेच जातीन.”

“काढ. मग पोट कुठं टेकन? पऱ्हाटीवर?”

“मधलं तास उपटा लागते.”

तास म्हणजे पेरणीची ओळ.

“काय म्हन्लं?”

“दर नवव्या तासाले एक. चार इकडं, चार तिकडं, फवारा दोन्हीकडं पोचते. मधून गाडी जाते.”

“बोंडं लागली त्याले, खुशे! हातानं लावलेलं झाड उपटतीन का कोनी?”

“मी उपटीन.”

“गाव हासन.”

“हासू द्या. गाव आलतं का दवाखान्यात?”

बाबा उठून उभे राहिले. एवढ्यात नेमसिंगकाका आले. डोळ्यांवर हाताची सावली धरून त्यांनी आधी गाडीकडे आणि मग आमच्याकडे पाहिलं.

“कायले भांडता बाप-लेकी? किसनभाऊ, पंप कुठी हाय? मारून टाकतो मी चार टाक्या.”

“झाडाखाली हाय,” बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

हंसाबाई त्यांच्या आधी झाडाखाली पोचल्या. पंप भरलेला नव्हता. त्यांनी तो उलटा केला आणि त्याच्यावर बसल्या.

“उचल आता. माह्यासकट उचल.”

“अवं, लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे की. तू खाटेवर तोंडातून फेस काढत होता तवा मी एकटीच पाहत होती.”

मी गुटके काढले, नवे जॉइंट कसले, पिना वाकवल्या, चाकं चढवली. वरून आणि खालून धरून हलवून पाहिलं. आवाज नव्हता. मग मी वावरात शिरले आणि पाचव्या तासाचं पहिलं झाड उपटलं.

वाटलं होतं त्यापेक्षा ते जड गेलं. मुळाला ओली काळी माती होती, फांद्यांवर हिरवी बोंडं. मी ते बाजूला टाकलं आणि दुसऱ्याला हात घातला. मागून हंसाबाईंचा आवाज आला, “तू हलू नको इथून,” तो नवऱ्याला होता. मग त्या तासाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उलट दिशेनं उपटत आल्या. पंपावर आता नेमसिंगकाका बसले होते, बायकोनं सांगितल्यासारखे.

बाबा तासाच्या मध्यावर येऊन उभे राहिले. अलीकडून मी आणि पलीकडून हंसाबाई तिथे पोचलो, तेव्हा फक्त त्यांच्या पायाजवळची झाडं शिल्लक होती.

“सरका, बाबा.”

ते सरकले नाहीत. हंसाबाईंनी त्यांच्या डाव्या पायाशेजारचं झाड उपटलं, मी उजव्या पायाशेजारचं. मोकळ्या ओळीत ते एकटेच उभे राहिले. मी परत जाऊन मास्क आणि चष्मा बांधला, टाकी भरली आणि गाडी सुरू केली.

गाडी सरळ गेली. मोकळ्या मातीत चाकांनी एकदाही टक् केलं नाही. मागे दोन्ही बाजूंना फवारा बोंडांवर बसत होता आणि माझ्या अंगावर एक थेंब नव्हता. बाबांपासून हातभर अंतरावर मी नळ्या बंद करून थांबले.

त्यांनी फवारा बसलेल्या ओळींकडे पाहिलं. मग पंपावर बसलेल्या नेमसिंगकाकांकडे. मग एक पाऊल पऱ्हाटीत, बाजूला झाले.

“एका तासावर भागव,” ते म्हणाले. “दुसऱ्याले हात लावू नको.”

“एका तासावर सारं वावर होत नाही, बाबा.”

“मंग बाकीचं नेमसिंग मारन.”

“नाही मारनार,” हंसाबाई म्हणाल्या.

मी गाडी शेवटापर्यंत नेली, फवारा झाडांवर सुकू दिला, हातमोजे चढवले आणि मोजत मोजत पुढच्या नवव्या तासाशी आले. बाबा ओरडत होते. मी पहिल्या झाडाच्या बुडाला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.