कै. अंबिकाबाईंच्या नावाचा पेला

मी स्टीलचा पेला. माझ्या पोटावर 'कै. अंबिकाबाई यांच्या स्मरणार्थ' असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, पण दचकू नका, अंबिकाबाई बोलत नाहीत, मीच बोलतोय. घराघरांत माझ्यासारखे पुष्कळ पेले असतात. पृथ्वी वाचवायच्या कामावर नेमणूक मात्र फार थोड्यांची होते, आणि माझी ती झाली होती.

त्याआधी मी गुलमंडीवरच्या एका भांड्यांच्या दुकानात कळश्यांच्या मागे उलटा पडून होतो. एके दिवशी माझ्यासकट तीनशे पेले एकदम उचलले गेले. मला वाटलं, मोठं लग्न दिसतंय. तर आम्ही चिकलठाण्याच्या कारखान्यात पोचलो. तिथं मोटारींच्या दाराला लागणारी रबरी पट्टी बनते.

या कारखान्याचं एक परदेशी गिऱ्हाईक दरवर्षी पत्र पाठवून विचारायचं, पर्यावरणासाठी तुम्ही काय करता? कारखाना दरवर्षी कळवायचा की आमची त्यावर नितांत श्रद्धा आहे. श्रद्धेवर बरीच वर्षं निघाली. यंदा मात्र गिऱ्हाइकानं कळवलं की आम्ही बघायला येतोय. श्रद्धा दाखवायची कशी, हा प्रश्न पडला आणि मालक वरदसाहेबांनी हिमानीला सहा महिन्यांच्या बोलीवर नेमलं.

हिमानी शिकलेली, हळू आवाजात बोलणारी, मुकुंदवाडीला एका खोलीत भाड्यानं राहणारी मुलगी. तिनं येताच सांगितलं की वाया जाणारं पाणी साफ करून पुन्हा वापरू. साहेब म्हणाले, "उत्तम कल्पना, पुढच्या वर्षी बघू." छपरावर सौर पत्रे बसवू म्हणाली. तीही उत्तम कल्पना निघाली. मग तिनं कँटीनच्या मागची खिडकी उघडून दाखवली. तिथं कागदी कपांचा ढीग होता. वारा सुटला की ते कप कुंपणाला जाऊन चिकटत, लांबून बघणाऱ्याला कापूस फुटल्यासारखं वाटे.

"चहासाठी स्टीलचे पेले आणू," ती म्हणाली.

साहेबांना हे लगेच पटलं. साफ केलेलं पाणी फोटोत ओळखू येत नाही, पेले येतात.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच आठवड्यात साहेबांच्या आईचं, अंबिकाबाईंचं, वर्षश्राद्ध होतं. साहेबांना एका दगडात दोन पक्षी दिसले.

"सर, पेल्यावर नाव नको," हिमानी म्हणाली.

"आईचं नाव असलं की लोक जपून वापरतील," साहेब म्हणाले.

साहेबांचं हे वाक्य इतकं खरं ठरेल असं त्यांनाही वाटलं नसेल.

कार्यक्रम देखणा झाला. अंबिकाबाईंचा हार घातलेला फोटो, शेजारी उदबत्ती, मागे 'कागद वाचवा' असं लिहिलेला प्लास्टिकचा मोठा फलक. एकेका कामगाराला पुढं बोलावून साहेबांनी स्वतःच्या हातानं पेला दिला, आत पेढा ठेवून. मी हिमानीच्या वाट्याला आलो. तिनं मला आपल्या टेबलावर ठेवलं, म्हणून वाचलो. बाकीचे दोनशे नव्व्याण्णव पेले संध्याकाळी सुट्टीचा भोंगा झाल्यावर डब्याच्या पिशवीतून घरोघर गेले. फाटकावरच्या रखवालदारानं एकालाही अडवलं नाही. त्याच्याही पिशवीत एक होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनची फळी रिकामी. कँटीन चालवणाऱ्या आशाबाईंनी कागदी कपांचं नवं पुडकं फोडलं.

"पेले कुठं गेले?" हिमानीनं विचारलं.

"जिथं जायचे तिथं गेले, ताई. वर्षश्राद्धाचं भांडं माणूस घरी नेत नाय तर काय कामावर ठेवतंय व्हय?"

हिमानीनं रबर कापायच्या यंत्रावरच्या सांडूला गाठलं. हा मुकुंदवाडीचाच, तिच्या गल्लीतला. निदान तो तरी ऐकेल असं तिला वाटलं.

"माझा गिलास देवघरात हाये, मॅडम," सांडू म्हणाला. "मालकाच्या मातोश्रीच्या नावाचा हाये. त्यात चहा पिऊन खरकटा कसा करावा?"

"पण तो चहासाठीच दिला होता."

"मग पेढा कशाला ठेवला?"

तसाच पेढा माझ्याही पोटात होता आणि मलाही तेव्हा तो मानाचाच वाटला होता.

"परत मागून घेऊ या," ती साहेबांना म्हणाली. साहेबांचा चेहरा पडला. आईच्या नावानं दिलेलं परत मागायचं म्हणजे गावभर तोंडाला काळं. नवे पेले घ्यायचे तर ते पुढच्या वर्षी. मग साहेबांनी अगदी शांतपणे सांगितलं, "हिमानी, तुमचे सहा महिने संपतायत त्याच आठवड्यात पाहुणे येतायत. त्यांना कँटीनमध्ये कागदी कप दिसला नाही तर तुम्ही इथं कायम. दिसला तर कसं करायचं, तुम्हीच सांगा."

हिमानीनं भिंतीवर सूचना लावली, 'आपला पेला आपण आणावा.' आशाबाईंनी त्या सूचनेच्या खिळ्याला किसणी टांगली.

शेवटी एका सकाळी तिनं मला उचललं आणि चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आशाबाईंनी वाफाळता चहा ओतला. आता माझाही स्वभाव सांगतो, मी पटकन तापतो. हिमानीची बोटं भाजली, चहा निम्मा हिंदकळला आणि सगळी रांग हसली.

"मॅडम, पृथ्वी लई गरम झालीय का?" मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं ओढणीत धरून उरलेला चहा संपवला, नळाशी जाऊन मला विसळलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. हसणारे थोडे कमी झाले. आशाबाईंनी न विचारता मला जुन्या फडक्याची पट्टी गुंडाळली. "कुणाला सांगू नका, नायतर सगळे मागतील," त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी सांडू घरून एक पेला घेऊन आला. देवघरातला नव्हे. त्याच्या लग्नातला, पोचे आलेला, 'सांडू-सरूबाई' असं कोरलेला.

"वहिनीनं दिला काढून? का चोरून आणला?" शेजारचा म्हणाला.

"तिनंच दिला. म्हनली, त्या पोरीची नोकरी जातीय म्हनतेत, ने."

मग एकेक पेला यायला लागला. कुणाच्या बारशाचा, कुणाच्या मामाच्या नावाचा, एकाचा तर पितळी, आजोळचा, आजोबा धोंडिबा यांच्या नावाचा. कुणाचा जुना यावर पैजा लागल्या. नाव कोरलेलं असल्यामुळं पेला कुणाचा कुणाला जाईना, आणि आपलं भांडं दुसऱ्याकडून घासून घेणं बरं दिसत नाही म्हणून जो तो आपला आपण विसळू लागला. तीनशे पेले घासायला टँकरचं पाणी कुठून आणायचं, ही आशाबाईंची कटकट मिटली. आशाबाईंनी कपांची नवी पुडकी मागवायचं बंद केलं. हे असंच ठरवून केलं होतं असं हिमानीला कधीही म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. अशी माणसं नोकरीत फार पुढं जात नाहीत.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी साहेब कँटीनमध्ये आले आणि फळीकडं बघत राहिले.

"हा काय भंगारबाजार? पाहुण्यांना सगळं एकसारखं दिसलं पाहिजे."

सगळे पेले पोत्यात गेले. फळीवर नवे कप आले. कागदीच, पण बाहेरून हिरवं पान छापलेले. पान छापलं की कागदाचा गुण बदलतो, असं साहेबांचं मत होतं.

"सर, हे सुद्धा कागदीच आहेत," हिमानी म्हणाली.

"पण पान आहे ना," साहेब म्हणाले.

पाहुण्या बाई आल्या, बरोबर दुभाषा. चहाची वेळ झाली. हिमानीनं मला हातात घट्ट धरलं होतं आणि ती जमिनीकडं बघत होती. कामगार आले, त्यांनी फळीवरचे कप बघितले आणि सरळ कोपऱ्यातलं पोतं ओढून आपापला पेला शोधायला लागले. त्यात बंडबिंड काही नव्हतं.

"कागदात चहाला वास येतो," सांडू नुसतं एवढंच पुटपुटला.

पाहुण्या बाईंनी धोंडिबांचा पितळी पेला हातात घेऊन नाव वाचून घेतलं. मग सांडूचा. त्यांना ते फार आवडलं. साहेब पुढं होऊन म्हणाले, "ही आमच्या आईची कल्पना."

अहवाल उत्तम आला. हा उपक्रम कुणाच्याही देखरेखीशिवाय आपोआप चालतो, असं त्यात खास लिहिलं होतं. साहेबांनी ते वाक्य हिमानीला दोनदा वाचून दाखवलं.

"यश म्हणतात ते हेच," ते म्हणाले. "आता इथं तुमची गरजच उरली नाही."

कागदी कप दिसला तर नोकरी जाणार होती. तो कुणाच्या हातात दिसला नाही, आणि तरीही गेली.

शेवटच्या दिवशी ती कँटीनमध्ये आली आणि मला फळीवर ठेवून निघाली. आशाबाईंनी हाक मारली.

"ताई, तुमचा गिलास न्या. नाव दुसऱ्याचं असलं तरी आता तुमचाच हाये."

"असू दे, मावशी."

"आणा इकडं. रिकामं भांडं देऊ नये." आणि त्यांनी चहाच्या डब्याशेजारची साखर माझ्यात काठोकाठ भरली.

हल्ली मी मुकुंदवाडीच्या त्या खोलीत, गॅसशेजारी असतो. हिमानी मुलाखतींना जाते. तिथं तिला विचारतात, तुम्ही केलेलं एखादं काम सांगा जे तुमच्याशिवाय चाललं नसतं. ती खरं सांगते आणि घरी येते. सांडूची सरूबाई अधूनमधून डोकावून जाते.

तुमच्या कारखान्यात कुणी अशी मुलगी कागदी कप बंद करायला आली, तर माझी एवढीच विनंती आहे. तिला फलक, हार, भाषण काही देऊ नका. तुमचा पेला घरून आणा. आणि काम चालू लागल्यावर तिला आपल्यात बसवून रोज चहा पाजा, कायमचा.

माझ्यातली साखर तिनं अजून चहात घातलेली नाही. नवी नोकरी लागली की पहिला चहा याच साखरेचा, असं तिनं सरूबाईला सांगितलंय. तोवर मी भरलेला आहे, आणि मुंग्यांशी एकटाच भांडतोय.