सिद्ध पेंढा

त्या दिवशी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाकीतवाले बाबा आले होते! डुकरांची पिल्लं हगवण लागून पटापट मरत होती आणि पुढची पाळी कोणाची, ते हा माणूस आधीच सांगायचा. तो बोलला की दोन-चार दिवसांत तसंच व्हायचं. लोक थक्क! मी सोडून. माझं पशुखाद्याचं दुकान आहे, मापात पाप करणारा मी लांबून ओळखतो.

माझ्या ताईच्या शेडसमोर बाबा थबकले, डोळे गरागरा फिरवले. "बाई, संकट तुझ्या उंबऱ्याशी आलंय! मला वास येतोय!"

"वास डुकरांचाच असेल," मी म्हणालो.

"गप रे मेल्या!" ताई खेकसली. भावोजी गेल्यापासून डुकरिणींवरच तिचं घर चालायचं, आणि सगळ्या नुकत्याच व्याल्या होत्या. तिनं हात जोडले. "बाबा, उपाय सांगा."

उपाय तयारच होता. बाबांच्या कृपेनं जिथली मोठी डुकरं बरी झाली, त्या शेडमधला 'सिद्ध पेंढा', पोत्यात भरून आणलेला. "पिल्लांखाली पसर. श्रद्धा असेल तर वाचतील."

म्हणजे मेली तर दोष ताईचा. काय सोय आहे बघा!

ताईनं पेंढा स्वतःच्या हातानं पसरला. आठवड्याच्या आत एकही पिल्लू उरलं नाही. आणि गल्लीत काय, तर जयजयकार! बाबा बोलले तसंच झालं म्हणे.

माझं डोकंच फिरलं. मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. शेजाऱ्याकडे बाबांनी दिलेलं एक पोतं अजून बंद होतं. डॉक्टरांनी त्यातला पेंढा आणि मेलेली पिल्लं, दोन्हींचे नमुने तपासायला पाठवले. दोन्हींत एकच विषाणू निघाला.

बाबा पुन्हा आले तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मोठं डुक्कर बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. पण त्याच्या विष्ठेतून विषाणू पडत राहतो. तीच घाण या पेंढ्यात आहे. आधी रोग सांगायचा, मग तो घरपोच द्यायचा. हे भाकीत!"

"पेंढा शुद्ध होता!" बाबा गरजले. "हिच्या मनात शंका शिरली!"

"शिरला तो विषाणू. आतड्यातल्या पेशींवर प्रथिनं असतात, पेशीच्या रोजच्या कामाची. त्यातल्या काहींना तो चिकटतो आणि पेशीच त्याला आत घेते. नेमकी कुठली प्रथिनं, यावर अजून संशोधन चालू आहे. पण श्रद्धा आहे की नाही, हे तो विचारत नाही. पेशी मरतात, दूध पचत नाही, पिल्लाच्या अंगातलं पाणी संपतं."

ताई पुढे आली. "पेशीला कळत नाही, आपण कोणाला आत घेतोय ते?"

"नाही. तिला कुठे डोकं असतं?"

"मला होतं ना," ताई म्हणाली आणि ढसाढसा रडली.

तेवढ्यात बाबांनी काढता पाय घेतला. कोणी अडवलं नाही. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गावातून ताईला फोन आला, बाबांचं भाकीत खरं ठरतं का हो?

"ठरतं," ताई म्हणाली. "रोग तोच घेऊन येतो, मग ठरणार नाही तर काय? त्याला शेडजवळ फिरकू देऊ नका. हात जोडायच्या आधी एवढं विचारा, काल कुणाच्या शेडमध्ये होतास? मी विचारलं नाही. माझ्या शेडमध्ये आज एक पिल्लू नाही."